मालक गिऱ्हाईक नसतो

घरी मी लसीकरणाच्या कामाला जाते असं सांगितलं होतं. सासऱ्यांचं वैजनाथाच्या पायऱ्यांजवळ बेल, नारळ, विभूतीचं दुकान. आम्ही लिंगायत वाणी. गळ्यातलं लिंग तळहातावर घेऊन पूजा केल्याशिवाय घरात कुणी पाण्याचा घोट घेत नसे. अशा घरातली सून रुळांच्या पलीकडच्या वस्तीत जाते आणि धंदा करणाऱ्या बायकांना निरोध वापरायला शिकवते, हे कळलं असतं तर सासऱ्यांनी आधी मला आणि मग दुकानाला कुलूप घातलं असतं. नवऱ्याला ठाऊक होतं. तो थर्मल वीजकेंद्रात कारकून. "नोकरी चांगली आहे, फक्त आईच्या कानावर जाऊ देऊ नको," एवढाच त्याचा सल्ला. पुरुषांचे सल्ले असेच असतात, पिशवी आपल्यालाच उचलायची असते.

संध्याकाळी परत आले की मी आधी न्हाणीघरात शिरायचे. सासूबाईंना वाटायचं थर्मलच्या राखेमुळे. परळीत तेव्हा कशाचाही दोष राखेवर ढकलता यायचा. वाळत घातलेलं धोतर काळवंडलं, पापड कचकचला, पोराचा खोकला जाईना, राख. पण मी राख धूत नव्हते. ज्या बायकांच्या हातचा चहा हसत हसत पिऊन आले होते, त्यांचंच काहीतरी धुऊन काढत होते. मीटिंगमध्ये मात्र "स्पर्शानं एड्स होत नाही" हे वाक्य मी सगळ्यांत खणखणीत म्हणायचे. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण.

ही नव्वदीच्या अखेरची गोष्ट. घराघरात केबल आलं होतं, टपरीवर शाम्पूच्या आणि गुटख्याच्या पुड्यांच्या माळा लोंबत होत्या. ट्रक स्टँडच्या मागे पत्र्याच्या खोल्यांची एक ओळ होती, तीच आमची वस्ती. राखेचे, कोळशाचे, उसाचे ट्रक तिथं थांबायचे. बायकांना गावावरून हाक मारायची पद्धत होती. एक गेवराईची, एक माजलगावची, एक चकलांब्याची. खरं गाव बहुधा कुणीच सांगितलेलं नव्हतं, त्यामुळे ही गावंही उसनीच असावीत.

प्रकल्पाच्या प्रशिक्षणात आम्हाला निरोध कसा चढवायचा ते दाखवायला लाकडाचा एक नमुना दिला होता. तो मी टॉवेलात गुंडाळून, वर स्वेटरची लोकर आणि सुया ठेवून पिशवीतून न्यायचे. पहिल्या दिवशी तो बाहेर काढला तेव्हा माझे कान तापले होते आणि बायका पोट धरून हसत होत्या. "मॅडम, आमाला शिकवायला आलात व्हय? बसा खाली, तुमालाच शिकवतो," असं म्हणाली ती चकलांब्याची. उंच, काळीसावळी, कपाळभर कुंकू, आवाज असा की अख्खा ट्रक स्टँड वळून बघेल. मला तिचा भयंकर राग आला आणि त्याच दिवशी ती मला आवडलीही.

सुरुवातीला कुणी ऐकेना. गिऱ्हाईक रागावतं, दुसऱ्या दारात जातं, रोज तेच रडगाणं. प्रशिक्षणातली वाक्यं मी पाठ म्हणायचे आणि त्या जांभया द्यायच्या. पण मी वाण्याची मुलगी आणि वाण्याचीच सून. माल कसा खपतो ते मला कुणी शिकवायला नको. माणसाच्या मनात आधीच जे असतं त्याला धरून बोललं की खपतो. या बायकांच्या मनात काय होतं ते मी बघितलं होतं. त्यांच्यातल्या बऱ्याच जणींचा एक ठरलेला माणूस असायचा. त्याला त्या 'मालक' म्हणायच्या, जसं आपल्याकडे खेड्यातली बायको नवऱ्याला म्हणते. मालक येणार त्या दिवशी दारात रांगोळी पडायची. रांगोळी दिसली की गिऱ्हाइकानं उंबऱ्याला पाय लावायचा नाही, हा वस्तीचा कायदा होता आणि दारुडेही तो पाळायचे. हिरव्या बांगड्या, डोक्यात फूल, चुलीवर कालवण. त्या दिवशी ती बाई धंद्याची नसायची.

मी त्या रांगोळीलाच धरलं. म्हटलं, "घरच्याचं मी काही बोलत नाही. घरचा तो घरचा. पण बाहेरच्याला निरोधाशिवाय जवळ येऊ द्यायचं नाही. बाहेरच्याला तेवढी जागा दाखवलीच पाहिजे." त्यांना हे झटकन पटलं. निरोध म्हणजे जणू उंबऱ्याबाहेर काढून ठेवायची चप्पल झाली. जो पैसे देतो त्याला निरोध, मालकाला नाही. त्यात त्यांना मान दिसला. थोड्याच महिन्यांत निरोधाची खोकी संपायला लागली, वरचे साहेब खूश झाले, आणि मला दुसऱ्या तालुक्यांतल्या कार्यकर्त्या मुलींसमोर बोलायला बोलावलं. मी जरीची साडी नेसून गेले होते.

सगळ्यांत कडक झाली ती चकलांब्याची. नाही म्हणणाऱ्या ड्रायव्हरला तिनं लाटणं घेऊन रस्त्यापर्यंत पिटाळलं होतं. दुसऱ्या कुणी ढिलाई केली तर ही तिच्या दारात उभं राहून शिव्या घालायची. मी आठवड्यात जेवढं बोलायचे ते हिच्या एका शिवीत व्हायचं.

तिचा मालक राखेच्या ट्रकवर ड्रायव्हर होता. गाव पाटोद्याकडचं, तिकडे लग्नाची बायको. कमी बोलणारा, खांदे पाडून चालणारा माणूस. शेतातली ज्वारी आणायचा, पावसाळ्याआधी पत्र्यावर डांबर टाकून द्यायचा. त्याच्यासमोर हिचा आवाज खाली यायचा, ते बघून मला हसू यायचं.

आठवड्यातले काही दिवस मला सरकारी दवाखान्यात समुपदेशनाच्या खोलीत बसायला लागायचं. रक्त तपासायच्या आधी माणसाशी बोलायचं, आणि निकाल आला की तो सांगायचा. एका सकाळी दार ढकलून तो आत आला, चकलांब्याचीचा मालक. महिनाभर ताप जात नव्हता म्हणून डॉक्टरांनी पाठवलं होतं. मला बघून तो दारातूनच मागे वळला, पण रक्त आधीच दिलेलं होतं आणि निकाल माझ्या टेबलावर होता, म्हणून मी त्याला हाक मारून खुर्चीत बसवलं. लागण होती.

तेव्हा फुकट औषधं नव्हती. होती ती मुंबईला, श्रीमंतांना. त्यामुळे ही बातमी सांगणं म्हणजे काय सांगणं होतं ते मला आणि ऐकणाऱ्याला, दोघांनाही कळायचं. तो टेबलाची कड बोटानं घासत होता. मग म्हणाला, "बाई, तिला सांगू नका."

"मी नाही सांगणार. तुम्ही सांगा. आणि यापुढे निरोधाशिवाय तिच्याजवळ जायचं नाही. घरी बायकोजवळही नाही."

"गावाकडं जातच न्हाई मी जास्त." मग खालच्या आवाजात, "आन् तिच्याकडं निरोध घिऊन गेलो तर तिला तवाच कळंल. म्हणंल, मला गिऱ्हाइकावानी करतोस व्हय? आजवर कदी लावला न्हाई, आता कावून? काय सांगू मी तिला?"

 बाहेरच्याला निरोध, घरच्याला नाही, हे मीच पढवलं होतं. माझ्याच दुकानातला माल होता तो, आणि आता तो माझ्याच टेबलावर परत आला होता.

डॉक्टर भले माणूस होते. मी त्यांच्याकडे गेले, नाव न घेता सगळं सांगितलं, त्यांना कळायचं ते कळलं. म्हणाले, "तू एकाचं गुपित फोडलंस की उद्या या खोलीत कुणी पाय ठेवणार नाही. सगळे लपवून हिंडतील. तू एक बाई वाचवशील आणि गाव घालवशील. त्यालाच तयार कर." त्यांचं म्हणणं बरोबर होतं. मला अजूनही ते बरोबरच वाटतं, आणि म्हणून तर जास्त त्रास होतो. ते चुकीचे असते तर मी त्यांना शिव्या घालून मोकळी झाले असते.

मी एक केलं. वस्तीत नवीन तपासणीचं निमित्त काढलं आणि चकलांब्याचीला रक्त द्यायला आणलं. निकाल चांगला आला. काही महिने जाऊ देऊन पुन्हा आणलं, पुन्हा चांगला. तिनं पेढे आणले, "मॅडम, म्हनलं नव्हतं, माझ्या अंगाला काय बी व्हनार न्हाई?" तो पेढा मी तिच्यासमोरच खाल्ला. आनंद झाला होताच. पण आनंदाच्या मागोमाग कळलं की अजून वेळ आहे. ती अजून वाचू शकते. आणि वाचवायची ती मला, एक शब्दही न बोलता.

इकडे आड तिकडे विहीर म्हणतात, तसं झालं. मी मीटिंगमध्ये नवा सूर लावला. घरच्या माणसासोबतही निरोध वापरावा, माणूस घरचा असला तरी रक्त कुणाचं कसं असेल सांगता येत नाही. बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. माजलगावची म्हणाली, "मॅडम, एकदा काय ते नक्की ठरवा. तवा तर तुमीच म्हनलात, घरचा तो घरचा." सगळ्या हसल्या. मीही हसले, नाइलाजानं.

मग मी चकलांब्याचीला एकटीला गाठलं. ती भाकरी थापत होती, दारात रांगोळी होती. मी इकडचं तिकडचं बोलत विषयावर आले. ट्रकवाला माणूस, गावोगाव थांबतो, आपण सांभाळलेलं बरं.

तिचा हात थांबला. "माझा मालक तसला न्हाई."

"तसला आहे असं मी म्हणत नाही गं. सगळ्यांनाच सांगते."

"तुमी घरी वापरता का?"

आम्ही वापरत नव्हतो. मी तांबी बसवून घेतली होती. पण मी ताठ मानेनं म्हणाले, "हो, वापरते की." वाटलं, आता हिला पटेल.

 तिच्या चेहऱ्यावरचा राग गेला आणि तिथं कीव आली. "आरं देवा," ती म्हणाली, "म्हंजी तुमचा तुमच्या मालकावर इश्वास न्हाई? एवढ्या शिकल्या सवरल्या बाईचं असं?" आणि तिनं तव्यावरची भाकरी काढून, तिच्यावर तूप घालून माझ्यापुढे ठेवली. मालकासाठी आणलेलं तूप होतं ते. "खावा. मनाला लावून घिऊ नका. समद्यांच्या नशिबात चांगला माणूस नसतो."

मी ती भाकरी खाल्ली. दुसरं काय करणार होते?

त्याच्याशी मात्र मी भांडले. राखेच्या ट्रकांची रांग लागायची तिथं जाऊन त्याला गाठायचे. तो दरवेळी मान डोलवायचा. दिवाळीनंतर सांगतो. गाडीची पासिंग झाली की सांगतो. तिला जरा बरं वाटू द्या, मग सांगतो. मी एकदा चिडून म्हणाले, "तुम्ही तिला मारताय." तो म्हणाला, "मला तिच्याबिगर कुनी न्हाई, बाई." दोन्ही वाक्यं खरी होती. मला त्याचा संताप यायचा, आणि घरी जाताना वाटेत कळायचं की संतापापलीकडे माझ्या हातात काहीच नाही.

त्या हिवाळ्यात त्यानं तिला रुळांच्या अलीकडे एक खोली घेऊन दिली. भाड्याचीच, पण पक्क्या भिंतींची, नळाची. तिनं धंदा सोडला. वस्तीतल्या बायकांनी तिला सामान उचलून नेऊन दिलं आणि रुळांपाशी थांबल्या, कारण पुढे त्यांच्यासोबत ती दिसली असती तर नव्या शेजारात बोभाटा झाला असता. साहेबांच्या दृष्टीनं हे आमच्या कामाचं मोठं यश होतं. तसं त्यांनी मीटिंगमध्ये सांगितलंही. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या.

संक्रांतीला तिनं मला हळदीकुंकवाला बोलावलं. रुळांच्या अलीकडची, जुन्या ओळखीची सवाष्ण तिला माझ्याशिवाय दुसरी नव्हती. शेजारच्या दोघीतिघी आल्या होत्या, त्यांना तिचं मागचं काही ठाऊक नव्हतं. तिनं काळी साडी नेसली होती, गळ्यात मंगळसूत्र होतं. वाण म्हणून चहाची गाळणी वाटली. शेजारणींनी आग्रह केला तेव्हा उखाण्यात मालकाचं नाव घेतलं, आणि एवढ्या मोठ्या आवाजाची ती बाई नाव घेताना लाजून पुटपुटली. शेजारणी गेल्यावर तिनं मला पाटावर बसू दिलं नाही, स्वतःच बसली. समोर पदर पसरला.

"माझी वटी भरा, मॅडम. आता लेकरू पायजे मला. लई दिस वाट बघितली. तुमच्या हातानं भरली म्हंजी व्हईल."

मी नारळ आणला होता. आमच्याच दुकानातला, सासूबाईंना 'एका ओळखीच्या बाईकडे जाते' म्हणून सांगून आणलेला. मी तांदळाची ओंजळ भरली. ओटी भरताना सवाष्णीच्या मनात वाईट येऊ नये म्हणतात. माझ्या मनात दुसरं काहीच नव्हतं. मूल हवं म्हणजे आता निरोधाचा विषयच संपला, आणि मी त्याच गोष्टीसाठी तिच्या पदरात नारळ घालत होते. थोडे तांदूळ पदराबाहेर सांडले. ती म्हणाली, "थंडी लई हाय यंदा."

बाहेर तो पायरीवर तंबाखू मळत बसला होता. मी चप्पल घालता घालता दबक्या आवाजात म्हणाले, "आज सांगा तिला. नाहीतर..."

"नाहीतर काय, बाई?" त्यानं विचारलं. उद्धटपणे नाही, खरंच विचारलं.  माझ्याकडे 'नाहीतर' नव्हतंच.

उन्हाळा लागला तेव्हा ती दवाखान्यात आली, आपण होऊन. "लेकरू राहायच्या आदी रगत तपासून घिते. तुमीच सांगितलंय न्हवं, आदी तपासनी, मग बाकी?" माझी सगळ्यांत चांगली शिष्या होती ती. मी शिकवलेली एकच गोष्ट ती विसरली नव्हती.

निकाल आला. मी तो तिला सांगितला. शिकवलं होतं तसंच सांगितलं, हळू, सोप्या शब्दांत, मध्ये थांबत. ती रडली नाही. म्हणाली, "कुनाचा तरी फाटला आसंल. न्हाईतर कुनी दारूच्या नशेत मला फसवलं आसंल." ती जुन्या गिऱ्हाइकांचे चेहरे मनात उलटेपालटे करत होती. मग एकदम माझे दोन्ही हात धरले.

"मॅडम, मालकाला सांगू नका."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं.

"त्याचा खोकला बगितला न्हवं तुमी? ताप येतोय त्याला. माझ्यामुळं, मॅडम. माझ्या अंगावरनं त्याच्या अंगावर गेलं. एवढं माझं केलं त्यानं, आन् मी त्याला हे दिलं. त्याला सांगू नका. तुमच्या पाया पडते."

साधारण वर्षभर आधी त्याच खुर्चीत बसून त्यानंही हेच म्हटलं होतं. माझ्या तोंडाशी एक वाक्य आलं होतं, फक्त एक. तुला लागण नव्हती तेव्हा त्याला होती. एवढं म्हटलं असतं तर तिच्या डोक्यावरचा डोंगर उतरला असता. मी म्हणाले, "असं स्वतःला दोष देऊ नये." पुस्तकातलं वाक्य. दिलासा देण्यासाठी आम्हाला अशी वाक्यं शिकवली होती. त्या खोलीत बसून मी आयुष्यात इतकं पोकळ काही बोलले नसेन.

मी पुन्हा त्याला गाठलं. तिचा निकालही सांगायचा नव्हता, त्यामुळे नुसतं म्हणाले, "आता तरी बोला." त्यानं माझ्याकडे बघितलं आणि त्याला कळलं. तो ट्रकच्या चाकाला टेकून खाली बसला. मी त्याला उठवलं नाही.

पंधरवडा गेला असेल. ती मला बाजारात भेटली, मेथी घेत होती. चेहरा उजळलेला. मला बाजूला ओढून म्हणाली, "मी सांगितलं मालकाला. राहवंना मला. म्हनलं, माझ्यामुळं तुमाला हे झालं, मारा, हाकला, काय बी करा."

"मग?"

"एक शबुद बोलला न्हाई. डोळ्याला पानी आलं त्याच्या. मग मला जवळ घेतलं, म्हनला, जाऊ दे, नशिबाचं हाय. माफ केलं मला, मॅडम. असा मानूस मिळतो का कुनाला? देवमानूस हाय."

बाजारात लोक होते. मी तिच्या हातातली मेथीची जुडी बघत उभी राहिले. त्या क्षणी त्या माणसाचा गळा धरावासा वाटला. गप्प राहणं वेगळं आणि न केलेल्या गुन्ह्याची माफी देणं वेगळं, असं माझ्या मनात आलं. मग लगेच दुसरं आलं, की त्याला सगळं ठाऊक होतं तसं मलाही होतं. तो भीतीनं गप्प होता, मी नियमानं. तिच्यासाठी त्यात काय फरक पडला?

पुढचं वर्ष तिनं त्याची सेवा केली. त्याला दुसरा शब्द नाही. त्याच्या तोंडात फोड आले तेव्हा ज्वारीची पेज गाळून, गार करून पाजायची. तिची स्वतःची तब्येत अजून चांगली होती. दवाखान्यात त्याला धरून आणायची आणि प्रत्येक नर्सला सांगायची, "माझ्यामुळं झालं हो हे," जणू तो तिचा जाहीर करायचा गुन्हा होता. तो ऐकायचा आणि भिंतीकडे तोंड करायचा. मी ते बघायचे आणि डॉक्टरांच्या खोलीत काहीतरी काम काढून निघून जायचे.

तो गेला तेव्हा गावाकडचे टेम्पो घेऊन आले. त्याची लग्नाची बायको पुढे बसली होती, वाळलेली, डोक्यावर पदर. तिच्याशी आजवर कुणी काही बोललेलं नव्हतं. आमच्या सगळ्या मीटिंगा, खोकी, नमुने धंदा करणाऱ्या बायकांसाठी होते, आणि ती तर घरंदाज बाई. टेम्पो हलला तेव्हा ती खोकत होती. मी डॉक्टरांना सांगितलं, त्यांनी पाटोद्याला कुणाकडे तरी निरोप दिला. पुढे काय झालं ते मी विचारलं नाही. विचारायला हवं होतं.

चकलांब्याचीला त्या लोकांनी खोलीतच थांबायला सांगितलं. तिनं बांगड्या स्वतःच उतरवल्या. तेराव्यानंतर मी तिच्याकडे गेले. ठरवूनच गेले होते. मेल्यावरही गुपित ते गुपितच, असं डॉक्टर म्हणाले असते, म्हणून त्यांना विचारलंच नाही.

ती चहा ठेवत होती. मी म्हणाले, "ऐक. त्याला तुझ्यामुळे झालं नव्हतं. तुझी तपासणी दोनदा चांगली आली होती ना, तू पेढे दिले होतेस? त्याच्या आधीच त्याला लागण झालेली होती. मीच त्याला सांगितलं होतं, दवाखान्यात. मला माहीत होतं. तू काही केलेलं नाहीस. त्याच्याकडून तुझ्याकडे आलं."

ती चुलीपाशी पाठमोरी होती.  चहा उकळून वर आला, तिनं तो खाली उतरवला, गाळला, माझ्यासमोर कप ठेवला. मग बसली.

"मॅडम, तुमचं कामच हाय बायांना धीर द्यायचं," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. "मला ठावं हाय, माझ्यासाठी बोलताय. पर मेलेल्या मानसावर नका घालू. ज्यानं मला माफ केलं, त्याच्यावर कसं घालता?"

"मी खोटं बोलत नाही गं."

"तुमाला आदीच म्हाईत आसतं तर तुमी मला सांगितलं नसतं व्हय?" तिनं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. "तुमी तसल्या न्हाई. जाऊ द्या. माझ्या जिवासाठी बोललात, मी मनात धरनार न्हाई. चा घ्या, गार व्हतोय."

मी पुन्हा सांगायला हवं होतं. पुन्हा, आणि परत पुन्हा, तिनं मला शिव्या घालून हाकलून देईपर्यंत. पण तिचा हात माझ्या गुडघ्यावर होता आणि तिनं मला माफ केलं होतं. मी कप उचलला आणि चहा प्यायले.